गुलाबी थंडीचे थोतांड

दिवाळी अंक हाती आला, की त्यात कोठे ना कोठे ‘गुलाबी थंडी’ भेटल्यावाचून राहत नाही. कवितेत भेटते, गोष्टीत भेटते, जाहिरातीत तर हमखास भेटते. दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? माझ्या स्वतःच्या दोन कादंबऱ्यांत ती आहे. एका कादंबरीत तर मी नायक-नायिकेला पौषातल्या रात्री उघड्या माळावर बसवून चांगली आठ पाने बोलायला लावले आहे, आणि त्या दोघांपैकी एकालाही एकदासुद्धा शिंक आलेली नाही! वाचकांनी ते प्रकरण आवडल्याची पत्रे पाठवली. त्या पत्रांचा मला आज संकोच वाटतो.

म्हणून यंदा मी ठरवले, की ह्या गुलाबी थंडीच्या विरुद्ध लिहायचे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय थोडा टोचेल, हे मी जाणतो. परंतु दिवाळी सरली की शाळांच्या सहली आणि शिबिरे सुरू होतात. हुरड्याच्या निमित्ताने पाहुणे शेतात मुक्कामाला जातात. हल्ली तर पुण्या-मुंबईची कुटुंबे पोराबाळांसह पवनेच्या नाहीतर भंडारदऱ्याच्या काठी तंबू ठोकून रात्र काढतात. जे सांगायचे ते त्यांनी सामान बांधण्याआधी सांगितले पाहिजे. नंतर सांगून उपयोग काय?

मी भोकरचा. मराठवाडा म्हणजे उन्हाचा मुलूख, अशी बाहेरच्यांची समजूत आहे आणि मे महिन्यात ती खोटी ठरत नाही. पण ह्याच मराठवाड्यातल्या परभणीचा पारा २०१८ च्या डिसेंबरात पाच अंशांखाली उतरला होता, हे थोड्यांच्या लक्षात असेल. आमच्याकडे भोकर सोडून किनवटच्या बाजूला निघाले, की डोंगर आणि सागाचे रान लागते. तेथे डिसेंबरात दुपारी सदरा काढून ठेवावासा वाटतो आणि पहाटे दात वाजतात. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब त्या उघड्या आभाळाला देऊन टाकते. आमच्या थंडीचा खरा दगा हाच, की ती दुपारी दिसत नाही. आणि शिबिराचे सामान माणसे दुपारी बांधतात.

असेच एकदा आम्ही सामान बांधले होते. गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका शाळेत खालच्या वर्गांना शिकवीत असे. शाळेचे नाव सांगत नाही; सांगण्याची गरजही नाही, कारण तशा शाळा गावोगाव आहेत. सहावी-सातवीची बेचाळीस मुले, आम्ही तिघे शिक्षक, आणि खिचडी शिजवायला एक मावशी. शिबिराचा हेतू छापील पत्रकात दिला होता : ‘विद्यार्थ्यांत काटकपणा निर्माण करणे.’ त्याच पत्रकात नियम होता : प्रत्येकाने एकच चादर आणावी, अधिक अंथरूण-पांघरूण आणून लाड करून घेऊ नयेत. एका मुलाच्या आजीने त्याच्या पिशवीत वाकळ कोंबून दिली होती. ती आम्ही एस. टी. स्टँडवरच त्याच्या बापाच्या हाती परत दिली आणि चार मुले त्याला हसली. आम्हीही हसलो.

मुक्कामाची जागा ओढ्याच्या काठी, खोलगट भागात. पाणी जवळ, वारा कमी, म्हणून ती पसंत केली. मांडववाल्याकडून आणलेल्या पाच राहुट्या ठोकल्या. समोरच्या उताराला, आमच्याहून बऱ्याच उंचावर एका शेतात मेंढरे बसवलेली होती आणि धनगराचे बिऱ्हाड उतरले होते. पाणी सोडून हा माणूस इतक्या वर कशाला जाऊन बसला, असा मला प्रश्न पडला. पण मी मास्तर आणि तो मेंढपाळ, तेव्हा विचारायला मी गेलो नाही.

रात्री नऊपर्यंत गाणी झाली. दहाला मुले कुडकुडू लागली. मोठे गुरुजी म्हणाले, “धावा, म्हणजे ऊब येईल.” मुले धावली, घामाने सदरे भिजले, आणि भिजल्या सदऱ्यांनिशी ती जमिनीवर एकेका चादरीत निजली. बारानंतर दव पडू लागले. दोनच्या सुमारास एका राहुटीतून रडण्याचा आवाज आला. मी गेलो. नऊ मुले एकमेकांना चिकटून बसली होती. मला त्यांची दया आली. बाहेरच्या शेकोटीतले निखारे मी घमेल्यात भरले, ते घमेले राहुटीच्या मधोमध ठेवले, वरून ताडपत्री ओढली, तिच्या कडा दगडामातीने दाबल्या आणि समाधानाने झोपायला गेलो. हे कोणी दुसऱ्याने केले नाही. मी केले.

पहाटे मला जाग आणली ती धनगराच्या ओरडण्याने. त्याचा कुत्रा भुंकला, म्हणून तो खाली आला होता. राहुटीच्या तोंडाशी एक मुलगा ओकत पडलेला त्याने पाहिला होता. मी पोचलो तेव्हा त्याने ताडपत्री उपसून फेकली होती आणि एकेका मुलाला काखेत धरून तो बाहेर ओढीत होता. “गुर्जी, हे काय करायलाव? लेकरं मारता का काय?” एवढेच तो बोलला. मुलांची डोकी दुखत होती, पाय लटपटत होते, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. एक मुलगा हाक मारली तरी ओ देईना. हा तोच मुलगा, ज्याची वाकळ आम्ही परत पाठवली होती. त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. दुपारी तो शुद्धीवर आला आणि त्याने पाणी मागितले. त्याच्या आजीने मला काही म्हटले नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

पुढची हकीकत मला जास्त लाज आणणारी आहे. शाळेच्या अहवालात लिहिले गेले : ‘शिबिर यशस्वी. काही विद्यार्थ्यांना किरकोळ अन्नबाधा.’ त्या अहवालाखाली तीन सह्या आहेत, त्यांतली तिसरी माझी. अन्नबाधा झाली म्हटल्यावर अन्न कोणी शिजवले हा प्रश्न आला, आणि मावशींचे काम गेले. महिनाभराने बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “गुरुजी, खिचडी मीच आधी चाखली होती.” मी मान खाली घातली. पुढे त्यांना खरे सांगितले. परंतु गेलेले काम माझ्या सांगण्याने परत आले नाही. आज हे छापून सांगतो आहे. उशीर झाला आहे, हे मला कळते.

आता ज्याच्यासाठी हे सारे घडले त्या ‘काटकपणा’कडे वळू.

थंडी सोसल्याने मुले कणखर होतात, असे आमचे पुष्कळ गुरुजन आणि पुढारी मानतात. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. पण त्या रात्रीनंतर मी डॉक्टरांना विचारले, पुस्तके पाहिली, आणि मला जे कळले ते असे. माणसाचे शरीर सदतीस अंशांच्या आसपास चालते. ते पस्तिसाच्या खाली गेले, की आधी हुडहुडी भरते, मग जीभ जड होते, पावले अडखळतात, बुद्धी मंदावते. आणि हुडहुडी आपोआप थांबली तर तो बरे वाटल्याचा नव्हे, संकट वाढल्याचा इशारा असतो. त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. अंगावर ओला कपडा आणि वर वारा असला, तर पाच-दहा अंशांची थंडीही पुरते. कारण कोरड्या हवेपेक्षा पाणी अंगाची ऊब वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेते. मुलांचे शरीर लहान, म्हणून ते मोठ्या माणसाच्या आधी गार पडते. ह्यात चारित्र्याचा संबंध कोठे आला? रात्रभर जागा राहून दात वाजवणारा मुलगा धैर्य शिकत नाही. मोठ्या माणसांना आपली काळजी नाही, एवढेच तो शिकतो.

कोणी म्हणेल, आपल्या वडीलधाऱ्यांनी काय कमी सोसले? निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना १९४७-४८ च्या हिवाळ्यात आमच्याकडची तरुण मुले उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिली, ती काय गाद्यागिरद्यांवर? नाही. आमच्या भागात ‘कॅम्प’ ह्या शब्दाला अजून त्या दिवसांचा मान आहे, आणि तो मलाही प्रिय आहे. पण त्या तरुणांनी थंडी सोसली ती स्वातंत्र्यासाठी. थंडीच्या कौतुकासाठी नव्हे. तेव्हा कोणी घोंगडी देऊ केली असती तर ‘लाड नकोत’ म्हणून ती त्यांनी परत केली नसती. मोठ्या कामासाठी हाल सोसणे वेगळे आणि शाळेच्या पत्रकासाठी बारा वर्षांच्या पोराची वाकळ काढून घेणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला पहिलीचे नाव देणे हा त्या तरुणांचाही अपमान आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. गरीब शाळेने बेचाळीस रजया कोठून आणाव्यात? ह्याचे उत्तर मला त्या धनगराकडे मिळाले. चार दिवसांनी मी त्याचे आभार मानायला गेलो आणि त्याच्या बिऱ्हाडावर संध्याकाळ काढली. त्याच्याजवळ आमच्या शाळेपेक्षा जास्त पैसे खचित नव्हते. मी विचारले, “मामा, तुम्ही पाणी सोडून एवढ्या वर का उतरता?” तो म्हणाला, “हिव पाण्यासारखं राहतंय, गुर्जी. खाली वाहत जातंय.” गार हवा जड असते आणि रात्री खोलगटात साचते, हे भूगोलाच्या पुस्तकात मी मुलांना शिकवले होते, मुक्कामाची जागा निवडताना ते मला आठवले नाही. त्याच्या अंथरुणाखाली वीतभर जाडीचा कडबा होता, त्यावर बारदान, मग घोंगडी. वर पांघरायला फक्त एक घोंगडी. “खाली दोन, वर एक,” त्याने हिशेब सांगितला. आपण नेमके उलट करतो. पांघरुणे वाढवतो आणि अंगाखाली काही घालत नाही. मग रात्रभर जमीन खालून ऊब ओढीत राहते. कडबा, गवत, पाचट, बारदान, जुनी वर्तमानपत्रे ह्यांना कितीसे पैसे पडतात? आमच्या शाळेत कमी होते ते पैसे नव्हते, शहाणपण होते.

शेकोटी त्याचीही होती; पण ती झोपण्याच्या जागेपासून चार-पाच हात दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, भोवती माती उकरलेली. झोपण्याआधी त्याने ती पसरली आणि विझवली. “आग दाराबाहेर. आत न्यायची नाही,” तो म्हणाला. त्याला त्यामागचे रसायनशास्त्र ठाऊक नसेल. मला आता ठाऊक आहे, म्हणून सांगतो. कोंडलेल्या जागेत निखारे, कोळसा किंवा गॅस जळू लागला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. धूर निघत नाही म्हणजे निखारा निर्धोक, असे आपण समजतो. खरे तर धूर निदान डोळ्यांना आणि नाकाला कळतो, ह्या वायूचा पत्ताही लागत नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळातल्या दमण ह्या थंड हवेच्या गावी केरळमधले आठ प्रवासी, त्यांत चार मुले, खोलीत गॅसचा हीटर लावून आणि दारे-खिडक्या बंद करून झोपले. सकाळी ते बेशुद्ध सापडले आणि आठांपैकी एकही वाचला नाही. ते सुशिक्षित होते, सहलीला आले होते, आणि आपल्या मुलांना थंडी वाजू नये एवढीच त्यांची इच्छा होती. माझीही तेवढीच होती. आमच्या ताडपत्रीला भोके होती आणि वरच्या शेतात एक कुत्रा जागा होता, एवढाच फरक.

तेव्हा पवनेकाठी शेगडीवर कणसे भाजून मग तीच शेगडी तंबूत ओढून घेणाऱ्या हौशी मंडळींनी हे वाचावे. आणि ‘दोन घोट घेतले की थंडी पळते’ म्हणणाऱ्यांनीही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात. चेहरा तापल्यासारखा वाटतो, पण अंगातली ऊब त्याच वाटेने बाहेर पडते. वर आपण गारठलो आहोत हे कळण्याची शुद्धही कमी होते. थंडी पळत नाही. पळते ती अक्कल.

आता ह्याहून मोठी गोष्ट. आपण ज्याला शिबिर म्हणतो ते दोन रात्रींचे असते. पण आमच्या जिल्ह्यातल्या तांड्या-वस्त्यांवरून दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरून माणसे ऊसतोडीला निघतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत परतत नाहीत. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी : वाकवलेले बांबू, वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद. सबंध हिवाळा हा त्यांचा मुक्काम. पहाटे तीन-चारला उठून दवाने भिजलेल्या उसात शिरायचे आणि तान्हे मूल कोपीत किंवा बांधावर ठेवायचे. आत चूल पेटवावी तर पाचटाला आग लागण्याची भीती, न पेटवावी तर पोर गारठते. हे चित्र साखर कारखान्याच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. पाहून आपण काय म्हणतो? “त्यांना सवय असते.” थोडा रसिक असला तर म्हणतो, “किती काटक माणसे!”

सवय! सदतीस अंशांचे शरीर तुमचे आणि त्यांचे सारखेच आहे. तान्ह्या मुलाला सवय कोठून येणार? ‘काटक’ हा शब्द आपण त्यांना मोठ्या उदारपणे देतो, कारण तो दिला की घोंगडी द्यावी लागत नाही. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली. ह्या चांगल्या गोष्टी आहेत. परंतु जे मूल वसतिगृहात पोचत नाही, त्याची रात्र कोपीतच जाते. त्या कोपीखाली कोरडी उंच जमीन, अंथरायला जाड ताडपत्री, बाहेर आडोशाची चूल आणि डोईमागे एक घोंगडी, एवढे देणे साखरेच्या धंद्याला जड जाऊ नये. आपल्या करंज्या-चिरोट्यांतली साखर त्या पहाटेतून येते.

आणि आपल्याला हे समजत नाही असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो. लातूर-उस्मानाबादकडची हजारो कुटुंबे त्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. त्या वेळी आमच्या गल्लीत ब्लँकेटे गोळा करण्यात आली. माझ्या आईने घरातली बरी वाकळ दिली आणि फाटकी आपल्याला ठेवली. ‘त्यांना काटक होऊ द्या,’ असे कोणी म्हटले नाही. संकटात सापडलेल्या माणसाला ऊब लागते, हे त्या वेळी अडाणी म्हातारीलाही कळत होते. मग डिसेंबरात शाळेच्या मुलाबाबत आणि उसाच्या फडातल्या मुलाबाबत ते ज्ञान कोठे जाते?

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. मुलांना रानात न्या, अवश्य न्या. त्यांना आभाळातली नक्षत्रे दाखवा, आगटीवरचा हुरडा खाऊ द्या. घरात कोंडून मुले वाढत नाहीत. पण त्यांना उबदार ठेवता येत नसेल, तर न्यायचा अधिकार आपल्याला नाही. मुक्काम ओढ्यात नको, उतारावर आडोशाला असावा. अंगाखाली जाड अंथरूण असावे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक बरे, कारण मधली हवा ऊब धरते. झोपताना कपडे, विशेषतः पायमोजे, कोरडे, कानटोपी घातलेली. निजण्यापूर्वी पोटभर जेवण आणि वर गूळ-शेंगदाणे. उपाशी पोटात ऊब तयार होत नाही. निखारे, शेगडी, हीटर आत कदापि नको. कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी उघड्या हवेत काढावे आणि १०८ ला फोन करावा. कोणी गारठून बरळू लागला, तर ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाणी पाजावे. हातपाय चोळू नयेत, आगीवर धरू नये, दारू देऊ नये, आणि डॉक्टरांकडे न्यावे. आणि रात्री एक मोठा माणूस जागा असावा. त्याने दर राहुटीत डोकावत राहावे.

आणि एखाद्या आजीने पिशवीत वाकळ कोंबून दिली असेल, तर ती राहू द्यावी.

माझी नवी कादंबरी सध्या लिहून होत आली आहे. तिच्यातही पौषातली रात्र आहे. ह्या खेपेला मी नायकाच्या अंगाखाली कडबा घातला आहे आणि शेकोटी चार हात दूर सरकवली आहे. वाचकांना ते प्रकरण कमी रसाळ वाटले, तर त्यांनी मला क्षमा करावी.